सावामुरा एजी : एका पिचरचा उजवा हात आणि तीन बोलावणी

हमामात्सुकर

हमामात्सूहून लोकल ट्रेनने तासाभराच्या थोडं पुढे गेलं की शिझुओका शहर लागतं. तिथे कुसानागी नावाचं बेसबॉलचं मैदान आहे आणि बाहेर दोन पुतळे आहेत. एक बेब रूथचा. दुसरा सडपातळ अंगाच्या एका पोराचा, चेंडू टाकायच्या आधी पाय उचललेला. जपानला आलो तेव्हा रूथचं नाव मला ठाऊक होतं, पोराचं नव्हतं. आता उलट झालंय. कुसानागीला गेलो की मी त्या पोरासाठीच थांबतो.

त्याचं नाव सावामुरा एजी (इथल्या पद्धतीप्रमाणे आडनाव आधी). आपल्याकडे बेसबॉल फारसं कुणी बघत नाही, म्हणून अगदी थोडक्यात नियम. पिचर चेंडू टाकतो, पण टप्पा नाही. फलंदाजाच्या छाती ते गुडघा एवढ्या पट्ट्यातून चेंडू थेट न्यायचा. तसा चेंडू फलंदाजाला मारता आला नाही की तो स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद, हा स्ट्राइकआउट. चार चेंडू पट्ट्याबाहेर गेले की फलंदाजाला पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला थांबा, फुकट. डाव नऊ. एवढं पुरे.

२० नोव्हेंबर १९३४. योमिउरी वृत्तपत्राचे मालक शोरिकी मात्सुतारो यांनी अमेरिकेचा निवडक संघ जपानला आणला होता. रूथ, लू गेहरिग, जिमी फॉक्स, चार्ली गेहरिंजर. त्या काळातले सगळ्यात मोठे फटकेबाज एकाच संघात. त्यांच्यासमोर कुसानागीत चेंडू दिला गेला सतरा वर्षांच्या सावामुराच्या हातात. त्याने गेहरिंजर, रूथ, गेहरिग, फॉक्स या चौघांना एकापाठोपाठ स्ट्राइकआउट केलं. सामन्यात एकूण नऊ. सातव्या डावात गेहरिगने एक होम रन (आपल्या षटकारासारखा फटका) मारला आणि जपान १-० ने हरला. हरलेल्या सामन्याचा पुतळा उभारलाय, यावरून काय ते समजा.

या सामन्याबद्दल इथे शाळकरी मुलंही सांगतात. मला लिहायचंय ते त्या सामन्यासाठी त्याने काय दिलं त्याबद्दल. ते कमी सांगितलं जातं.

१९३२ साली जपानच्या शिक्षण मंत्रालयाने नियम काढला की विद्यार्थ्यांनी व्यावसायिक खेळाडूंबरोबर खेळायचं नाही. सावामुरा क्योतोच्या वाणिज्य शाळेत शिकत होता. अमेरिकनांविरुद्ध खेळायचं तर शाळा सोडणं भाग होतं. त्याने सोडली. थोड्याच दिवसांत, डिसेंबर १९३४ मध्ये, त्याच खेळाडूंमधून पुढे 'टोकियो जायंट्स' झालेला संघ उभा राहिला आणि तो व्यावसायिक खेळाडू झाला.

१९३६ मध्ये लीग सुरू झाली. २५ सप्टेंबरला कोशिएनच्या मैदानावर ओसाका टायगर्सविरुद्ध त्याने जपानी व्यावसायिक बेसबॉलमधला पहिला नो-हिटर टाकला. म्हणजे नऊ डावांत समोरच्याला एकही धड फटका मिळाला नाही. १९३७ च्या वसंत हंगामात त्याने २४ सामने जिंकले, ४ हरले. संघाने त्या हंगामात जिंकलेले सामने होते ४१. नऊ डावांमागे त्याने दिलेल्या धावांची सरासरी ०.८१. लीगचा पहिला सर्वोत्तम खेळाडू तोच.

जानेवारी १९३८ मध्ये पहिलं बोलावणं आलं.

आता शाळेकडे परत या. त्या काळी विद्यापीठात नाव असलेल्या मुलांना लष्करभरती पुढे ढकलण्याची सवलत होती. बरेच व्यावसायिक खेळाडू रात्रीच्या वर्गांना नाव घालून ती मिळवत. सावामुराने शाळाच पुरी केलेली नव्हती, त्यामुळे विद्यापीठाचं दार त्याला बंद होतं. सतराव्या वर्षी रूथसमोर उभं राहण्यासाठी टाकलेलं पाऊल विसाव्या वर्षी त्याला बराकीत घेऊन गेलं.

चीनच्या आघाडीवर त्याच्या त्या हाताचा उपयोग काय झाला असेल? हातबॉम्ब फेकायला. लांब आणि नेमका फेकणारा माणूस कुठल्याही तुकडीला हवाच असतो. बेसबॉल भरतो साधारण १४५ ग्रॅम. जपानी सैन्याचा हातबॉम्ब साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. तिपटीहून जास्त वजन, आणि तेही पुनःपुन्हा. खांदा गेला. शिवाय डाव्या हाताला गोळी लागली, मलेरियाही झाला.

१९४० मध्ये परतला तेव्हा खांद्यावरून पूर्ण हात फिरवून टाकायचा तो वेगवान चेंडू उरला नव्हता. मग त्याने हात कडेने, कमरेला समांतर आणून टाकायला सुरुवात केली. वेगाच्या जागी नेम. आणि तशा हाताने ६ जुलै १९४० रोजी नागोयाविरुद्ध तिसरा नो-हिटर टाकला! माझ्या मते त्याची सगळ्यात मोठी कामगिरी ही आहे. रूथवाला दिवस सतरा वर्षांच्या खांद्याचा होता. हा दिवस पूर्णपणे त्याच्या डोक्याचा होता.

ऑक्टोबर १९४१ मध्ये दुसरं बोलावणं, यावेळी फिलिपिन्स. १९४३ मध्ये परत आला तेव्हा कडेनेही हात फिरेना. मग तो खालून टाकायला लागला, जमिनीजवळून हात आणून. ६ जुलै १९४३, तिसऱ्या नो-हिटरला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी, त्याने शेवटचं पिचिंग केलं. तीन डावांत आठ जणांना बेस फुकट दिले. पट्टा सापडतच नव्हता. त्या वर्षीचा हिशोब: ० विजय, ३ पराभव, सरासरी १०.६४.

खांद्यावरून, मग कडेने, मग खालून. प्रत्येक बोलावण्यानंतर हात आणखी खाली आला.

१९४४ च्या हंगामाआधी संघाने त्याला मोकळं केलं. ऑक्टोबरमध्ये तिसरं बोलावणं आलं. २ डिसेंबर १९४४ रोजी फिलिपिन्सकडे निघालेलं त्याचं जहाज याकुशिमा बेटाच्या पश्चिमेला 'सी डेव्हिल' या अमेरिकन पाणबुडीने बुडवलं. तो सत्तावीस वर्षांचा होता.

कारकिर्दीत एकूण ६३ विजय, २२ पराभव, सरासरी १.७४. त्या ६३ पैकी ४७ विजय पहिल्या बोलावण्याच्या आधीचे आहेत, म्हणजे एकविसावा वाढदिवस व्हायच्या आत.

गुगली

वाचून काही वेळ गप्प बसलो. मनात लगेच हेडली व्हेरिटी आला. यॉर्कशायरचा डावखुरा फिरकी गोलंदाज, १९३२ मध्ये नॉटिंगहॅमशायरविरुद्ध दहा धावांत दहा बळी. जार्डिनच्या संघातून १९३३-३४ ला भारतात आला होता आणि मद्रास कसोटीत त्याने आपले ११ गडी बाद केले होते. सिसिलीत जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला आणि ३१ जुलै १९४३ ला इटलीत कासेर्ताला गेला. पण व्हेरिटीला त्याची दहा वर्षं पुरी मिळाली होती. या मुलाला पुरे दोन हंगामही धड मिळाले नाहीत.

एक प्रश्न: त्याचं अस्त्र नुसता वेग होता का? वेगाला रूथ घाबरला असेल असं वाटत नाही.

हमामात्सुकर

गुगली, बरोबर पकडलंत. वेग होताच, पण त्याचं खरं नाव झालं ते 'ड्रॉप'मुळे. चेंडू फलंदाजाकडे सरळ येतोय असं वाटतं आणि अगदी जवळ येऊन एकदम खाली पडतो. टप्पा पडणारच नसल्यामुळे हे सगळं हवेतल्या हवेत. वरून जोरात आणलेला हात आणि बोटांनी चेंडूला दिलेली पुढची फिरकी, यावर ते अवलंबून. म्हणजे हात कडेला आला की नुसता वेग जात नाही, तो ड्रॉपही जातो. १९४० मध्ये त्याला जवळपास नवीन पिचर व्हावं लागलं होतं, ते यासाठी म्हटलं.

वेगाचे आकडे नेटवर फिरतात ते जुन्या चित्रफितींवरून मागाहून काढलेले अंदाज आहेत. तेव्हा वेग मोजायचं यंत्र मैदानावर नव्हतं. म्हणून मी आकडा दिला नाही.

मावळतीचा_वारा

लेख आवडला, पण एक बाजू राहिली. १९३४ च्या त्या दौऱ्यात जपानी संघ अमेरिकनांविरुद्ध एकही सामना जिंकला नाही, आणि कुसानागी सोडलं तर सावामुरानेही चांगला मार खाल्ला. दहा दिवस आधी टोकियोत त्याला धुतलं होतंच, नंतरही झोडपलं. तो ड्रॉप टाकताना ओठ मुडपायचा आणि ते अमेरिकनांच्या लक्षात आलं अशी एक कथा आहे. खरी असो वा नसो, इतक्या चांगल्या फलंदाजांना असं काही शोधून काढायला दोन सामने पुरतात. एका दिवसावरून त्याला देवत्व दिलं गेलं, आणि युद्धकाळात अशा देवत्वाचा उपयोग करून घेणारे लोक असतात.

हमामात्सुकर

मान्य, आणि हे लिहिलंत ते फार बरं केलंत. म्हणूनच मला १९३७ आणि १९४० महत्त्वाचे वाटतात. ती लीग होती, आठवड्यामागून आठवडे तेच विरोधी संघ, आणि ओठांवरून ओळखायला समोरच्यांना भरपूर वेळ होता.

लीगमधला त्याचा खरा प्रतिस्पर्धी टायगर्सचा कागेउरा मासारु. डिसेंबर १९३६ मध्ये पहिल्या विजेतेपदासाठी टोकियोच्या सुसाकी मैदानावर तीन सामने झाले. पहिल्यात कागेउराने त्याला असा होम रन मारला की जुने लोक त्याच्या गोष्टी सांगत राहिले. तरी सावामुरा तिन्ही दिवस चेंडू टाकायला उतरला आणि जायंट्स २-१ ने जिंकले. सुसाकी होतं खाडीत भर घालून केलेल्या जमिनीवर. भरती आली की पाणी मैदानात यायचं. एकदा तर भरतीमुळे सामना अर्ध्यावर थांबवावा लागला होता. त्याच मैदानावर १ मे १९३७ ला त्याने दुसरा नो-हिटर टाकला, तोही टायगर्सविरुद्धच.

कागेउराही परत आला नाही. तो मे १९४५ मध्ये फिलिपिन्समध्येच गेला.

सई_ती

मला एक अवघड प्रश्न विचारायचाय, राग मानू नका. तो ज्या सैन्यात होता त्या सैन्याने चीनमध्ये काय केलं ते जगाला माहीत आहे. ज्यांच्यावर ते हातबॉम्ब पडले ती माणसं या लेखात कुठेच नाहीत. खांदा दुखावला याचं वाईट वाटतं, पण बॉम्ब पडला तिथे काय झालं?

हमामात्सुकर

सईताई, राग कसला. हा प्रश्न यायलाच हवा होता आणि तो मी स्वतः लेखात घ्यायला हवा होता.

तो ३३ व्या पायदळ रेजिमेंटमध्ये होता. ही रेजिमेंट १६ व्या डिव्हिजनची, आणि डिसेंबर १९३७ च्या हत्याकांडाच्या वेळी नानजिंगमध्ये जी जपानी दलं होती त्यांत ही डिव्हिजन होती. तो भरती झाला जानेवारी १९३८ मध्ये, म्हणजे त्यानंतर. पण 'त्यानंतर' म्हणून सगळं संपत नाही. तो आक्रमण करणाऱ्या सैन्यातला शिपाई होता, त्याने फेकलेले बॉम्ब कुणाच्या तरी गावात, कुणाच्या तरी अंगणात पडले. त्याच्या हाताबद्दल लिहिताना मी वजन लिहिलं आणि ते कुठे पडलं हे लिहिलं नाही. ही माझी चूक. दोन्ही गोष्टी एकाच हाताच्या आहेत.

सई_ती

उत्तराबद्दल मनापासून आभार. आता लेख पुन्हा वाचते.

भालाफेक

मी विद्यापीठ पातळीपर्यंत भालाफेक केलीय आणि आता फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून खांद्याबद्दल थोडं.

फेकताना हात पुढे नेणारे स्नायू वेगळे आणि गेलेल्या हाताला थांबवणारे वेगळे. थांबवणारे स्नायू खांद्याच्या मागच्या बाजूला, लहान लहान. आपण हलकी वस्तू जोरात फेकायची सवय लावलेली असते, तेव्हा या छोट्या स्नायूंना त्या वजनाची आणि त्या वेळेची सवय होते. मध्येच तिप्पट वजन हातात आलं की शरीर जुन्याच वेगाने हात काढायला जातं. मोठे स्नायू ते ओढून नेतात, छोट्यांना थांबवता येत नाही. तिथे सगळं फाटतं. वर सैन्यात शरीर गरम करून फेकायला कोण देतंय? थंडीत, अंगावर सामान, कधी गुडघ्यावर बसून, कधी पालथं पडून.

माझंही असंच झालं. आमच्या प्रशिक्षकांनी ताकद वाढावी म्हणून एका हिवाळ्यात लोखंडी गोळे ओव्हरहँड फेकायला लावले, रोज. तीन आठवड्यांनी सकाळी केस विंचरायला हात वर नेला तर कानापर्यंतच गेला. त्यानंतर मीसुद्धा कडेने फेकून बघितलं होतं! भाल्यात ते चालत नाही, भाला आडवा पडतो. म्हणून तुमचं "प्रत्येक बोलावण्यानंतर हात आणखी खाली आला" हे वाचलं तेव्हा काय होत असेल ते मला खांद्यात कळलं. हात कडेला आणणं हा निर्णय नसतो. एक कोन असा असतो की जिथे दुखत नाही, आणि माणूस तो शोधत शोधत खाली येतो. तशा हाताने त्याने नो-हिटर टाकला याचं मला फार मोल वाटतं.

गुगली

भालाफेक, हा प्रतिसाद मूळ लेखात जोडायला हवा.

बोरीबंदर

याच काळातला पलीकडच्या बाजूचा पिचर म्हणजे बॉब फेलर. तारखा शेजारी ठेवून बघा. १३ सप्टेंबर १९३६ ला सतरा वर्षांच्या फेलरने क्लीव्हलँडकडून एका सामन्यात १७ स्ट्राइकआउट केले. बाराच दिवसांनी सावामुराचा कोशिएनमधला नो-हिटर. आयोवातल्या शेतकऱ्याचा मुलगा तो. बापाने शेतातच मैदान करून दिलं होतं.

पर्ल हार्बरची बातमी त्याने गाडीतल्या रेडिओवर ऐकली, नवीन करारावर सही करायला जाताना. वडील कर्करोगाने अंथरुणाला खिळले होते, त्यामुळे त्याला भरतीतून सूट मिळू शकत होती. तरी तो नौदलात गेला. 'अलाबामा' या युद्धनौकेवर विमानविरोधी तोफेचा प्रमुख. १९४४ मध्ये ती नौका फिलिपिन्सच्या समुद्रात होती, म्हणजे सावामुराचं जहाज ज्या मुलखाकडे निघालं होतं तिथेच.

फेलरची जवळपास चार वर्षं गेली. पण तोफेने त्याच्या खांद्याला धक्का लावला नाही. जहाजावर तो व्यायाम करत राहिला, चेंडू टाकत राहिला. २४ ऑगस्ट १९४५ ला परतला, पहिल्याच सामन्यात १२ स्ट्राइकआउट करून जिंकला आणि १९४६ मध्ये ३४८ स्ट्राइकआउट केले. २०१० साली, ९२ व्या वर्षी गेला. दोघांनीही युद्ध बघितलं, पण एकाचा हात शाबूत राहिला.

क्योतोवाली

मी क्योतोत शिकत होते तेव्हा सावामुराबद्दल ऐकलं होतं, पण शाळा सोडण्याचा आणि भरतीचा संबंध मला आज कळला. त्याला जोडून एक सांगते, कारण सवलत मिळालेले वाचले असा समज होऊ नये.

इशिमारु शिनइची, नागोयाचा पिचर. त्याने विद्यापीठात रात्रीच्या वर्गाला नाव घालून सवलत घेतली होती. १९४३ मध्ये २० सामने जिंकला, आणि १२ ऑक्टोबर १९४३ ला यामातो संघाविरुद्ध नो-हिटर टाकला. युद्ध संपेपर्यंतचा तो शेवटचा. त्याच महिन्यात सरकारने विद्यार्थ्यांची सवलत काढून घेतली. तो नौदलात गेला. ११ मे १९४५ ला कानोया तळावरून आत्मघाती हल्ल्यासाठी उडाला. निघण्याआधी धावपट्टीजवळ त्याने बेसबॉल खेळणाऱ्या एका सहकाऱ्याला समोर बसवून दहा स्ट्राइक टाकले, ग्लोव्ह तिथेच टाकला आणि विमानात चढला. बाविसाव्या वर्षी.

सावामुरा, इशिमारु आणि कागेउराची नावं टोकियो डोमबाहेरच्या एका दगडावर आहेत. युद्धात गेलेल्या व्यावसायिक खेळाडूंचं स्मारक आहे ते. सामन्याला जाणारे लोक खाण्याच्या पिशव्या घेऊन त्याच्या शेजारून जातात.

कट्टाप्रेमी

युद्धाच्या काळात खेळ चालू होता याचंच आश्चर्य वाटतंय. तेही अमेरिकेचा खेळ!

हमामात्सुकर

चालू होता, पण शत्रूची भाषा काढून टाकून. १९४० पासून अंगावरची इंग्रजी अक्षरं गेली. जायंट्सच्या छातीवर 'क्यो' हे एकच चिनी अक्षर आलं. १९४३ मध्ये पंचांनी 'स्ट्राइक' म्हणायचंही बंद झालं. पहिल्या स्ट्राइकला 'योशी इप्पोन', बाद झाला की 'हिके'. जायंट्सचाच मूळचा रशियन पिचर व्हिक्टर स्टारफिन, १९३९ मध्ये एका हंगामात ४२ सामने जिंकलेला माणूस, त्याला 'सुदा हिरोशी' व्हावं लागलं. कोशिएनच्या प्रेक्षकांच्या डोक्यावरचं प्रचंड लोखंडी छत १९४३ मध्ये सैन्याला धातू हवा म्हणून उतरवलं गेलं.

सावामुराने शेवटचा चेंडू टाकला तो या अशा मैदानांवर.

गुगली

त्याच्या नावाने पुरस्कार आहे ना? पिचर यामामोतो योशिनोबूच्या बातम्यांत वाचलेलं आठवतंय.

हमामात्सुकर

हो, सावामुरा पुरस्कार, १९४७ पासून. त्याच वर्षी जायंट्सने त्याचा १४ नंबर कायमचा राखून ठेवला. पुरस्काराचे निकष २०२४ पर्यंत असे कडक होते: २५ सामने, १५ विजय, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने टाकलेले १० सामने, २०० डाव, १५० स्ट्राइकआउट, सरासरी २.५० च्या आत, विजयाचं प्रमाण ६० टक्के. सगळे पुरे होणं आता दुर्मिळ, कारण पिचरचा खांदा जपायचा म्हणून त्याला सातव्या-आठव्या डावात काढतात. यामामोतोने २०२१ ते २०२३ सलग तीनदा घेतला. २०१९ आणि २०२४ मध्ये कुणालाच दिला नाही. एकट्याने पुऱ्या केलेल्या सामन्यांचा निकष सैल करावा का यावर इथे दरवर्षी वाद व्हायचा. मी सैल करावा या बाजूचा होतो. ज्याचा खांदा इतका वापरला गेला त्याच्या नावाच्या पुरस्कारासाठी कुणी खांदा पणाला लावू नये.

भालाफेक

या शेवटच्या वाक्याला माझे दोन्ही हात वर. (डावा पूर्ण, उजवा जमेल तेवढा.)

एकच विचारते. ६ जुलै १९४३ हे शेवटचं पिचिंग म्हणालात. त्यानंतर ऑक्टोबर १९४४ पर्यंत तो मैदानावर उतरलाच नाही का?

हमामात्सुकर

एकदा उतरला. २४ ऑक्टोबर १९४३, टायगर्सविरुद्धच. चेंडू टाकायला मात्र नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी जागी फलंदाजीला पाठवलं होतं. चेंडू बॅटला लागला, तिसऱ्या बेसच्या बाजूला रेषेबाहेर उंच उडाला आणि तिथल्या खेळाडूने तो झेलला.

'हिके.'